शिंपल्यांची टेकडी बुजवली तेव्हा

माझं अक्षर किडामुंगीसारखं आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नये. कुठली वेलांटी कुठं द्यायची हे गुरुजींनी शिकवलं असेल, पण चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. जिथं चुकलं असेल तिथं वाचणाऱ्याने आपल्या मनाने नीट करून घ्यावं. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीतही नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही, लहानपणापासून येत नव्हतं. तोंड उघडायच्या आधीच कान गरम होतात. कागदापुढे तेवढे होत नाहीत.

हल्ली आम्ही अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत राहतो. नवरा शाळेची बस चालवतो आणि मी एका पुण्याच्या जोडप्याची मुलगी सांभाळते. इरा तिचं नाव. परवा तिने माझ्या पेटीतून एक शिंपला काढला, मधोमध भोक पाडलेला, जुना, खडूसारखा पांढरा. म्हणाली, "मावशी, व्हेअर इज धिस फ्रॉम?" मी म्हटलं, जझिऱ्यावरचा आहे. "व्हेअर इज इट?" म्हटलं, आता नाही तो तसा. तिला हसू आलं. "हाऊ कॅन ॲन आयलंड नॉट बी देअर?" मी तिला बिस्कीट दिलं आणि शिंपला काढून घेतला. ती झोपली की आता रोज थोडं लिहिते.

जझिरा म्हणजे बेट. त्याला दुसरं नाव होतं, पण आम्ही नुसतं जझिराच म्हणायचो. रास अल खैम्याच्या किनाऱ्यापासून इतका जवळ, की ओहोटीला पिकअप चिखलातून पलीकडे जायची आणि भरतीला बोट लागायची. माझे बाबा रत्नागिरीकडचे खलाशी. जझिऱ्यावरच्या एका घरच्या लाँचवर ते कामाला होते. जाळं ओढायच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेली, तेव्हा सगळे म्हणाले, आता याला गावी पाठवा. त्या घरची मालकीण उम्म सालेम, म्हणजे सालेमची आई, म्हणाली, बोटं आमच्या माशांपायी गेली, माणूस इथंच राहील. तिने बाबांना शेळ्या आणि घर राखायला ठेवलं, मग स्वयंपाकाला आईला बोलावून घेतलं, आणि आईच्या पदराला धरून मी गेले. परसातली एक खोली आमची. छपरावर कबुतरं, भिंतीपलीकडे शेळ्या, आणि दिवसभर लाँचच्या इंजिनाची घरघर. खोलीत भरती-ओहोटी न बघता कळायची. पाणी चढलं की कबुतरं गप्प व्हायची, का ते माहीत नाही.

उम्म सालेम तेव्हाही म्हातारीच होती. तोंडावर पितळी रंगाचा बुरखा, हाताला लवंगेचा वास. जुन्या माणसांसारखी तिला हिंदी यायची, मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून शिकलेली. "सुला, तुम इदर आव," म्हणायची. माझं नाव सुलभा, पण तिला तेवढंच जमायचं. तिच्या हाताखाली आई खजुराचा पाक घातलेल्या शेवया आणि त्यावर अंड्याची पोळी करायला शिकली. आईला ते पटायचं नाही. "गोडावर अंडं! यांना कुणी सांगत कसं नाही गो?" असं मला कानात सांगायची आणि उम्म सालेमने "झेन?", म्हणजे बरं झालंय ना, असं विचारलं की "भौत अच्छा" म्हणून मान डोलवायची. उलट आईचं वाळक्या बोंबलाचं कालवण त्या घरात चार पिढ्यांनी खाल्लं. वाळक्या लिंबाचा तुकडा मात्र उम्म सालेम स्वतः टाकायची, नाहीतर तिला ते आपलं वाटायचं नाही.

बेटाच्या टोकाला शिंपल्यांची टेकडी होती. टेकडी म्हणजे दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंचवटा, पण सबंध शिंपल्यांचा. फार फार पूर्वी जी माणसं तिथं राहायची, त्यांनी खाऊन टाकलेले. आणि त्यातच त्यांनी आपली माणसं पुरली होती. मी गेले त्याच्या आदल्या हिवाळ्यात परदेशी प्रोफेसरांची एक टोळी येऊन तिथं खणून गेली होती. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खोकी भरली, हाडं कापसात गुंडाळली, विमानाने नेली. जाताना टेकडीभोवती काटेरी तार आणि एक पत्र्याचा बोर्ड ठोकून गेले. उम्म सालेम त्या बोर्डाकडे बघून थुंकायची. "मेलेली आमची, आणि आत आम्हीच जायचं नाही," म्हणायची.

मग तिआरे आली. ती प्रोफेसरीण होती हे कळायला आम्हाला चार दिवस लागले, कारण ती टेकडीकडे गेलीच नाही. रुंद अंगाची, सावळी, केसांचा बुचडा, पायात रबरी चपला. तिचं बेट फार लांब, पॅसिफिक महासागरात. तिआरे म्हणजे एक पांढरं वासाचं फूल, असं तिने सांगितलं. तिने केलेल्या वर्णनावरून मला ते आमच्याकडच्या अनंतासारखं वाटलं. ती घरोघर गेली, बायकांत मांडी घालून बसली, कॉफी प्यायली, खजूर खाल्ले. बोर्डिंग शाळेतून सुट्टीला आलेली उम्म सालेमची नात मरियम तिचं इंग्रजी अरबीत सांगायची. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभी असायची. तोवर अरबी मला समजायला लागली होती, बोलायचं धाडस नव्हतं.

तिआरे म्हणाली, "मी खणायला आलेय. पण तुम्ही नको म्हणालात तर परत जाईन."

उम्म सालेमने विचारलं, "हे असं तुला कुणी शिकवलं?"

तेव्हा तिने आपल्या बेटाची गोष्ट सांगितली. तिच्या बेटावरही पूर्वी जहाजं आली, शास्त्रज्ञ आले, दगडी कुऱ्हाडी, गळ, पूर्वजांच्या कवट्या घेऊन गेले. आपल्या पणजोबांची कुऱ्हाड बघायला तिची आजी बोटीतून दुसऱ्या देशात गेली आणि काचेच्या कपाटापुढे उभी राहून रडली. तिथल्या शिपायाने काचेला हात लावू नका म्हणून दटावलं. मग तिच्या पिढीतल्या काही पोरी शिकल्या आणि बेटाने ठरवलं, की म्हाताऱ्यांच्या परवानगीशिवाय फावडं मारायचं नाही, शाळेतल्या पोरांनी बरोबर खणायचं, मिळालेली वस्तू बेटावरच ठेवायची आणि हाडं मोजून, बघून पुन्हा त्यांच्या जागी ठेवायची. त्यांनी एक खोली बांधली. किल्ली गावातल्या एका बाईकडे असते. कुणीही जावं, तिच्याकडून किल्ली घ्यावी, आपल्या पणजोबांची कुऱ्हाड हातात धरावी.

"हातात?" उम्म सालेमने विचारलं.

"हातात."

उम्म सालेम उठली आणि तिने तिआरेच्या ताटात अजून शेवया वाढल्या. आमच्या घरात परवानगी अशी मिळायची.

त्यानंतरचे हिवाळे माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. एवढं लिहून मी थांबले होते. चांगलं लिहायला घेतलं की पुढचं आठवतं. पण ते दिवस होते हे खरं. थंडी पडली की तिआरे यायची आणि बेटावरची निम्मी पोरं टेकडीवर. माती टोपल्यांतून यायची, चाळणीत पडायची, आणि सकाळभर ती खसखस आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायची. मला खापरं धुवायचं काम होतं. मऊ ब्रश, कोमट पाणी, उन्हात फडक्यावर वाळवायचं. त्या कामात बोलावं लागत नाही. तिआरे शेजारी बसायची, तीही बोलायची नाही. एकदा बाईमाणसाचा एक सांगाडा लागला, कुशीवर झोपलेला, आणि ओठापाशी एक भोक पाडलेला मोती. उम्म सालेमला हाताला धरून वर नेलं. तिच्या घरचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मोत्यांसाठी समुद्रात बुड्या मारायचे. ती खड्ड्याच्या कडेला बसली आणि डोळे बारीक करून खाली वाकली. मग म्हणाली, "हिचा नवरा परत आला होता. नाहीतर मोती कुठून?"

मरियमने ते इंग्रजीत सांगितलं आणि तिआरेने तोंड फिरवलं. त्याच हिवाळ्यात मरियमने जाहीर केलं, की ती कॉलेजात हेच शिकणार. आणि त्याच हिवाळ्यात तिआरेच्या बेटासारखी किल्लीची खोली जझिऱ्यावरही बांधायचं ठरलं. प्रत्येक घराने पैसे दिले, उम्म सालेमच्या दुधपावडरच्या डब्यात. मीही खापरं धुवून मिळालेले शंभर दिरहम टाकले. आई चिडली. "हजार-बाराशे रुपये झाले गो ते! आपली खोली बांधायची सोडून यांची कसली बांधतेस?" मी पैसे परत मागितले नाहीत, कारण उम्म सालेमने मला आधीच सांगितलं होतं. मरियम शिकायला जाणार, उम्म सालेमची स्वतःची नजर जात चाललेली, घरोघरच्या सुना कामात. "किल्ली सुलाकडे," ती म्हणाली होती. "ही बोलत नाही, पण हिच्या हातून काही फुटत नाही." रास अल खैम्याच्या बाजारातून तिने कुलूपसुद्धा आणवलं. भिंती उन्हाळ्यानंतर उभ्या राहणार होत्या, कुलूप आधी आलं. किल्ली मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. अशी जागा मला आधी कुणी दिली नव्हती, नंतरही नाही.

आता जे झालं ते. हिवाळा संपला की तिआरे जमीन बंद करायची. सगळेच खणणारे खड्ड्यात प्लास्टिक अंथरून वर वाळू लोटतात, पुढच्या वर्षासाठी. पण तिच्या बेटावर ते नुसतं झाकणं नसायचं. तिथं हाडं पुन्हा जागेवर ठेवली, की वरची जमीन अशी सारखी करायची की पाऊल पडलेलं दिसू नये. खुंटी नाही, दोरी नाही, पाटी नाही. मेलेल्यांच्या अंगावर काही टोचत ठेवायचं नाही. जागा कुठं आहे हे गावाला माहीत असतं, तेवढं पुरतं. उम्म सालेमला हे फार आवडलं. त्या वर्षी तिने सांगितलं, प्रोफेसरांची तारही काढा. पोरांनी गाणी म्हणत तार उपटली. बाबांनी ती शेळ्यांच्या गोठ्याला लावली आणि पत्र्याचा बोर्ड गोठ्यावर छप्पर म्हणून टाकला. खोली होईपर्यंत धुतलेली खापरं आणि तो मोतीही हाडांशेजारी खालीच ठेवायचं ठरलं होतं. टेकडीच्या डोक्यावरचे खड्डे भरून, उतारावर समुद्राची वाळू टाकून आम्ही बायकांनी ती खजुराच्या झावळ्यांनी झाडली. संध्याकाळी ती कुणी कधी हात न लावलेल्या वाळूच्या ढिगासारखी दिसत होती. तिआरेने आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, उम्म सालेमने आपल्या भाषेत. मग आम्ही सगळ्यांनी टरबूज खाल्लं.

उन्हाळ्यात जझिरा रिकामा व्हायचा. तिथल्या माणसांची जुनी रीत, की उकाडा चढला की डोंगराकडच्या खजुराच्या बागांत राहायला जायचं. मागे राहायचो आम्ही तिघं, कबुतरं आणि शेळ्या.

अशाच एका भर दुपारी ओहोटीतून एक पांढरी जीप आली. तिघं उतरले. तिवई, दुर्बिणीसारखं यंत्र, लाल-पांढरी काठी. त्यांतला मोठा साहेब आईने पाणी दिल्यावर बाबांना हिंदीत गाव विचारू लागला आणि रत्नागिरी म्हटल्यावर खुर्ची ओढून बसलाच. "अहो, मग मराठीत बोला की! मी ठाण्याचा." आईचा चेहरा फुलला. घरात आमसुलं होती. तिने सोलकढी केली. तो दोन पेले प्यायला. "वहिनी, दोन वर्षांनी मिळाली बघा ही." चांगला माणूस होता, हे मला लिहायलाच हवं. बायकोचा फोटो दाखवला, मुलगी रडत फोनवर बोलते ते सांगितलं. मग बाबांनी विचारलं, साहेब, मोजणी कशाची? तो म्हणाला, "पलीकडून पक्का रस्ता येतोय. पुढं मोठं हॉटेल. लोकांना तिकडं नवी घरं. आम्ही फक्त बघतोय, काय आहे आणि काय नाही. त्या टोकाला नुसता वाळूचा ढीग दिसतोय. भरावाला बरा पडेल."

माझे कान गरम झाले. पण मी बोलले. परक्या पुरुषाशी आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. "तिथं माणसं आहेत."

"कुठं?"

"खाली. पुरलेली. फार जुनी."

त्याने बाबांकडे बघितलं. "भुताखेताचं काय?"

"नाही हो," बाबा म्हणाले, "खणतात तिथं. आधी गोरे आले होते, आता थंडीत एक बाई येते."

"परवानगीचा कागद असेल, पण माझ्या नकाशावर काही नाही. बरं, खूण काय? तार? पाटी? एक खुंटी तरी दाखव, बाय, मी लगेच लिहितो. मला डोळ्यांना दिसतं तेच लिहिता येतं."

बाबांनी मुकाट्याने गोठ्याकडे बोट दाखवलं. तो उठून गेला, मान वाकडी करून छपरावरची अक्षरं वाचू लागला. कबुतरांच्या घाणीने निम्मी झाकली होती. मग तो हसला. वाईट हसला नाही, कुणालाही आलं असतं. "संरक्षित जागा, आत येऊ नये. हे तुमच्या शेळ्यांना सांगितलंय का?" त्याची माणसंही हसली.

मी फावडं घेतलं आणि टेकडीकडे धावले. तो मागून आला, डोक्यावर रुमाल धरून. मला जागा माहीत होती, डोळे मिटून सांगितली असती. मी खणू लागले. पण आम्ही किती चांगली बुजवली होती! वाळू कोरडी, साखरेसारखी. एक फावडं काढलं की दोन आत घसरायची. प्लास्टिक माझ्या उंचीइतकं खाली. मध्ये शिंपले लागले तेव्हा मी ओंजळ भरून त्याला दाखवली. तो म्हणाला, "अगं, समुद्रकाठी शिंपले असणारच." मी खणत राहिले. घाम डोळ्यांत जात होता, गळ्यातली किल्ली फावड्याच्या दांड्यावर आपटत होती. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न दिला. "यल्ला साब, पानी आता है." भरती चढत होती. साहेबाने माझ्या हातातून फावडं काढून घेतलं, हळूच, मोठ्या भावासारखं. "ऊन लागेल. मी शेऱ्यात लिहितो, की इथले लोक काहीतरी जुनं आहे म्हणतात. बस?" आणि बहुतेक त्याने लिहिलंही असेल.

बाबा पलीकडच्या किराण्याच्या दुकानातून फोन करायला गेले. उम्म सालेमचा मुलगा म्हणाला, इन्शाल्ला, बघतो. मरियमने कचेऱ्यांमधून फोन फिरवले. कुठं साहेब सुट्टीवर, कुठं ही फाईल आमच्याकडे नाही. तिआरेला कळवायला तिचा नंबर कुणाकडे नव्हता, तिच्या विद्यापीठाचा पत्ता होता. यंत्रं आली ती आठवड्याच्या आत. एका सकाळी सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला तिथं काही नव्हतं. चाळणीतून खसखस करत जे मुठीमुठीने यायचं, ते ट्रकमधून गेलं. आई म्हणाली, बघू नकोस. मी बघितलं. पिवळ्या यंत्राने उचललेल्या ढिगात पांढरं पांढरं पडत होतं, शिंपले की काय ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

तिआरे थंडीत आली तेव्हा पक्का रस्ता झाला होता. तिला आता भरतीसाठी थांबावं लागलं नाही. बेटाच्या तोंडाशी गाडी सोडून ती चालत आली, आणि मध्येच खाली बसली. रस्त्याच्या कडेचा भराव सगळा शिंपल्यांचा होता. तिने एक भोक पाडलेला शिंपला उचलला आणि मला दिला. तोच हा. उम्म सालेमला आम्ही धरून आणलं होतं. तिने मरियमकडून विचारलं, "तुमच्या बेटावर असं झालं तर काय करता?"

तिआरे म्हणाली, "आमच्याकडे विचारल्याशिवाय कुणी येत नाही." मग त्या रस्त्याकडे बघून म्हणाली, "अजून तरी."

ती पुन्हा आली नाही. मरियमने त्या विषयाचं नाव काढलं नाही. ती बँकेत लागली, मोठ्या हुद्द्यावर गेली. जझिऱ्यावरच्या घरांना पलीकडे नवी घरं मिळाली, दोन मजली, एसी, नळाला गोडं पाणी. बायका खूश होत्या. मी खोटं कशाला लिहू, आईही खूश होती; तिला गॅसचा मोठा ओटा मिळाला. खणणारे पुढं कधी जझिऱ्यावर येतील का, असं मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "कशाला? काय शोधायला?"

नव्या घरात गेल्यावर उम्म सालेमने दुधपावडरचा डबा काढला. पायांत जोर नव्हता, तरी ती स्वतः दारोदार गेली, मी तिला धरून. प्रत्येक दारात ती म्हणायची, खोली होणार नाही, हे तुमचे. काहींना आपण दिले होते हेच आठवत नव्हतं. एका सुनेने विचारलं, "कसली खोली?" उम्म सालेमने सांगितलं नाही. कुलपासाठी डब्यातून घेतलेले पैसे तिने आपल्या कमरेच्या पिशवीतून भरले. सगळ्यांत शेवटी आमच्या खोलीपाशी येऊन ती कट्ट्यावर टेकली आणि माझ्या हातात शंभर दिरहम ठेवले. मी गळ्यातली किल्ली काढून पुढं केली. तिने ती चाचपली, बोटांनी ओळखली, आणि परत माझ्या मुठीत दाबली.

मग तिने रिकामा डबा उपडा करून मला दाखवला. तिला दिसत नव्हतं, मला दिसावं म्हणून.

"सब का पूरा हुआ," ती म्हणाली. "खलास."

आईने पैसे मोजून घेतले. बरोबर होते.